एकाच पुस्तकाचे साहेब

आमच्या फाउंड्रीत कुणाचं बोट चेंगरलं तरी साहेब त्याचा अहवाल लिहायचे, आणि त्या अहवालात बोटापेक्षा गाव जास्त असायचं. कुठल्या पाळीत, कुठल्या मशीनवर, कुठल्या हाताचं बोट, हे दोन ओळींत उरकायचं. मग सुरू व्हायचं : ‘हा मुलगा कुरुंदवाडच्या अलीकडचा. वडिलांचा मळा नदीला लागून आहे व त्यांच्या वांग्यांना बाजारात गिऱ्हाइकाची वाट पाहावी लागत नाही. मुलाचे लग्न ठरले आहे. तो घरी पोहोचल्याशिवाय आई अजून जेवत नाही.’

शिरोली एमआयडीसीतल्या त्या कारखान्याचं ऑफिस मी सांभाळते. विमा, रजा, हजेरी, पत्रव्यवहार, सगळं माझ्या टेबलावरून जातं. काम यादीत बसलं की मला बरं वाटतं. ही वांगी कुठल्या रकान्यात बसवायची?

“साहेब, वांग्यांचं काढू का?” मी विचारायचे.

“वांगी काढली तर मग चेंगरलं कोण?”

“बोट.”

“कुणाचं?”

इथं मला राग यायचा, आणि रागाच्या मागोमाग गोंधळ. वांगी तशीच विमा कंपनीकडं जायची.

साहेब आमचे पर्सोनेल ऑफिसर. उंच, थोडे वाकलेले, उन्हाळ्यातही बिनबाह्यांचा स्वेटर. कुरुंदवाडहून रोज एसटीनं यायचे. पिशवीत डबा, छत्री आणि ते पुस्तक. पुस्तक म्हणजे ग्रीक लोकांचं फार जुनं युद्धकाव्य, इंग्रजीत आणलेलं. जुन्या बाजारात रद्दीच्या ढिगातून त्यांनी ते उचललं तेव्हाच त्याचं कव्हर गेलेलं होतं. खताच्या पोत्याचं प्लॅस्टिक कापून त्याला त्यांनी नवं कव्हर घातलं होतं. आयुष्यभर त्यांनी तेवढं एकच पुस्तक वाचलं. संपलं की पुन्हा पहिल्यापासून.

“दुसरं काहीतरी वाचून बघा की,” मी एकदा म्हटलं.

“हे अजून कळलं नाही हो बाई.”

त्यातली नावं मात्र ते कधी घ्यायचे नाहीत. नाव सांगितलं की माणसं म्हणतात, परदेशातली भानगड आहे, आपल्याला काय त्याचं. म्हणून सगळ्यांना त्यांनी करणीवरून ओळखी दिल्या होत्या. एक ‘रुसलेला’, एक ‘मोठा सरदार’, रुसलेल्याचा ‘मित्र’, आणि शत्रूकडचा ‘म्हातारा राजा’. कॅन्टीनमध्ये पोरं त्यांना टीव्हीवरच्या मालिकेसारखं विचारायची, “साहेब, रुसलेला बाहेर पडला का न्हाई अजून?” साहेब चहाचा कप खाली ठेवून गंभीरपणे सांगायचे, “नाही. आज फक्त माणसं मेली.”

गोष्ट मला समजली ती अशी. एका शहराला वेढा घालून फौज वर्षानुवर्षं बसली आहे. शहर पडत नाही, फौज परत जात नाही. कवी गोष्ट सुरू करतो ती पार दहाव्या वर्षी, आणि सुरुवातीचं भांडण शत्रूशी नाहीच. आपापसातच आहे. लुटीच्या वाटणीत मोठ्या सरदाराच्या वाट्याला आलेली बाई त्याला परत करावी लागते. आपली गेली म्हणून तो सगळ्यात चांगल्या लढवय्याची काढून घेतो. तो लढवय्या रुसून आपल्या तंबूत जाऊन बसतो. एवढ्यावरून पुढं हजारो माणसं मरतात.

“आणि त्या दुसऱ्या बाईला कुणी विचारलं का?” मी म्हटलं.

साहेब म्हणाले, “नाही विचारलं. पण कवीला ते ठाऊक आहे. पुढं एक जण मरतो, तेव्हा ती त्याच्यावर पडून रडते. बाकीच्या बायकाही रडतात. वरवर त्याच्या नावानं, आणि आत प्रत्येक जण आपापलं.”

हे मला लगेच पटलं. कुणाच्याही मयतीला गेलेल्या बाईला पटेल. ग्रीकांना ते कसं कळलं, हे मात्र कळेना.

त्या काव्यात एक लांबलचक यादीही आहे. कोणत्या गावाची किती जहाजं आली, कोण त्यांचा म्होरक्या, त्या गावात काय पिकतं. इंग्रजी वाचणारेसुद्धा ती पानं उलटून पुढं जातात म्हणे. मी साहेबांकडून तेवढीच पानं मागून घेतली आणि शब्दकोश घेऊन एका रविवारी वाचून काढली. सगळ्या पुस्तकात मला स्वच्छ समजलेला भाग तो. साहेबांना सांगितलं तर ते खूष झाले. “आता हे ध्यानात ठेवायचं. ह्यातला माणूस जेव्हा मरतो तेव्हा कवी पुन्हा थांबतो आणि सांगतो, हा अमक्याचा मुलगा, ह्याचं घर रस्त्याला लागून होतं, येईल-जाईल त्याला जेवायला घालायचा. शत्रूकडचा मेला तरी तेच.”

“मग कवी कुणाच्या बाजूनं आहे?”

“ते शोधण्यातच माझी नोकरी संपत आली.”

वांग्यांचा उगम मला त्या दिवशी सापडला. ती विमा कंपनीला का पाठवायची, हे तरीही सापडलं नाही.

एकदा आमच्या गेटवर माल न्यायला आलेला ट्रक ड्रायव्हर आणि वॉचमन यांनी एकमेकांच्या गचांड्या धरल्या. कारण एवढंच की ट्रक आडवा लावला. आजूबाजूची माणसं सोडवायचं सोडून मोबाईल काढून उभी. साहेब स्वेटर सावरत मधे घुसले आणि ड्रायव्हरला विचारलं, “पावणं, गाव कुठलं?”

“गावाचं काय करताय? ह्येला आधी सांगा!”

“सांगतो. पण गाव कुठलं?”

ड्रायव्हरनं गाव सांगितलं. “कुणाच्यातले?” त्यानं तेही सांगितलं. मग तोच प्रश्न वॉचमनला. गचांडी दोघांच्याही हातात होतीच, पण उत्तरं देताना पकड सैल होत होती. वॉचमनची मेव्हणी ड्रायव्हरच्या भावकीत दिलेली निघाली. “म्हंजी तुम्ही तात्यांच्या घरातलं व्हय?” वॉचमन म्हणाला आणि त्यानं ड्रायव्हरची कॉलर नीट करून दिली. चहा झाला. जाताना ड्रायव्हरनं आपलं नवं कोरं घोंगडं वॉचमनला दिलं आणि वॉचमननं त्याला आपली शिट्टी.

“घोंगड्याला शिट्टी?” मी म्हटलं. “ड्रायव्हर बुडाला की.”

“त्यातही असंच होतं,” साहेब म्हणाले. “ऐन लढाईत दोन शत्रू समोरासमोर येतात, बोलता बोलता कळतं की आजोबा एकमेकांकडं पाहुणे राहिले होते. लढत नाहीत. चिलखतं बदलतात. एक सोन्याचं देतो, दुसरा साधं. कवी त्या सोनंवाल्याला चक्क वेडा म्हणतो.” आणि स्वतःच विचारात पडले. “पण मग वेडं कोण हो बाई? लढणारी बाकीची सगळी?”

कुठंतरी लढाई सुरू झाली की कारखान्याच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पोरं झेंडे आणि ‘उडवा त्येंना’ टाकायची. साहेब त्याखाली एकच ओळ लिहायचे : ‘ज्यांना उडवायचे त्यांचे गाव कोणते?’ पोरं वैतागायची. “साहेब, तुम्ही नक्की कुणाच्या साईडचं?” आपल्याकडं युद्धाच्या गोष्टी कमी आहेत का, असंही एकानं सुनावलं. साहेब म्हणाले, “आपल्या गोष्टीत बरोबर कोण ते आपल्याला लहानपणीच सांगतात. म्हणून दुसऱ्यांची वाचतो. ह्यात मला कुणी सांगितलेलं नाही.”

हे सगळं लिहिताना मी ज्याभोवती फिरते आहे, ते खंडेनवमीला झालं.

खंडेनवमीला आमच्याकडं मशीन धुऊन-पुसून झेंडूच्या माळा घालतात, हत्यारांची पूजा होते आणि भट्टीपुढं नारळ फुटतो. भट्टीचा मान शामराव मिस्त्रींचा. लोखंड वितळवायची ती भट्टी बसली तेव्हापासून ते तिच्यापुढं उभे. त्या दिवशी मालकांच्या शेजारी बसवून त्यांना फेटा बांधला जायचा आणि नारळ त्यांच्या हातात दिला जायचा. त्या वर्षी मोठे मालक गुडघ्याच्या ऑपरेशनमुळं घरी होते आणि कारभार धाकट्या मालकांकडं होता. फेटेवाल्यानं फेटे बांधले, सगळे संपले, आणि एवढ्यात आम्हाला ऑर्डर देणाऱ्या कंपनीचे एक बडे अधिकारी न कळवता हजर झाले. धाकटे मालक गडबडले. इकडंतिकडं पाहिलं आणि म्हणाले, “मिस्त्री, तुमचा जरा द्या की. पावण्यांना बांधूया. तुम्ही काय, घरचेच.”

मिस्त्रींनी आपल्या हातानं फेटा उतरवला. फेटेवाल्यानं तो उलगडून अधिकाऱ्यांच्या डोक्यावर पुन्हा बांधला. नारळही मग त्यांनीच फोडला. टाळ्या वाजल्या. मिस्त्री उघड्या डोक्यानं उभे होते आणि कपाळावर फेट्याचा वळ उमटलेला होता.

साहेबांनी माझं मनगट घट्ट धरलं. असं त्यांनी कधी केलं नव्हतं. “बाई, दिलेलं परत घेतलं. सुरू झालं.”

“काय सुरू झालं?”

“पहिलं पान.”

मला वाटलं, ह्यांना ऊन लागलं.

दसरा झाला आणि मिस्त्री कामावर आले नाहीत. आधी अंगात कणकण, मग कंबर, मग फोन उचलणं बंद. दिवाळीच्या आत माल जायचा होता आणि भट्टी थंड. धाकटे मालक माणूस वाईट नव्हेत. “मी काय मुद्दाम केलं का?” असं दिवसातून दहादा म्हणायचे. शेवटी त्यांनी मला सांगितलं, काय काय देता येईल ते काढा. मी कागद केला : पगारवाढ, थोरल्या मुलाला ऑफिसात नोकरी, नवा रेशमी फेटा, काकूंना साडी, दिवाळीला सगळ्यांसमोर सत्कार. साहेबांनी कागद वाचला आणि उदास हसले.

“मोठा सरदारही अशीच यादी पाठवतो. घोडे, सोनं, सात गावं, शिवाय जावई करून घेतो म्हणतो. धाकट्या मालकांना विचारा, मुलगी देणार का?”

“साहेब, त्यांची मुलगी बालवाडीत आहे.”

“आणि ते स्वतः येणार आहेत का?”

“त्यांची मीटिंग आहे.”

“त्यातलाही आला नव्हता,” साहेब म्हणाले आणि छत्री घेऊन निघाले.

उचगावला मिस्त्रींच्या घरी आम्ही रविवारी दुपारी माझ्या गाडीतून गेलो. सदा तिथं होताच. सदा म्हणजे मिस्त्रींचा भट्टीवरचा साथीदार, त्यांचा उजवा हात. साहेबांच्या शेजारघरातला. त्याचे वडील गेल्यावर साहेबांनीच त्याला कुरुंदवाडहून आणून मिस्त्रींच्या हाताखाली दिला होता, त्याच्या आईला शब्द देऊन. आता तोही चाळिशीला आला होता, पण साहेब अजून त्याला रस्ता ओलांडताना हाक मारायचे.

मिस्त्रींनी आमचं बोलणं सुरूच होऊ दिलं नाही. “आधी जेवा.” मटण, तांबडा रस्सा, पांढरा रस्सा, सगळं होतं. रुसलेल्या माणसाकडं इतकं चांगलं जेवण मी पहिल्यांदा जेवले. साहेब कानाशी कुजबुजले, “त्यातही आधी जेवतात.” हात धुतल्यावर मी कागद वाचून दाखवला. मिस्त्रींनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

“यादी झ्याक हाय, मॅडम. मला येवढंच सांगा. फेटा मागायच्या आदी ह्यातलं येक तरी दिलं असतं का?”

मी कागदाची घडी घातली.

“मग ही माझी किंमत न्हवं. ही त्येंच्या अडचणीची किंमत हाय.”

आतून काकू ओरडल्या, “घ्या की म्हन्ते मी! पोराला नोकरी लागत्या. फेटा काय खायाचा हाय व्हय?”

“तू गप.”

“गपच हाय, लगीन झाल्यापास्नं!”

मला मनातून काकूंचं पटत होतं. गेलं त्याच्या कितीतरी पट मिळत होतं, घेऊन मोकळं व्हावं. परतीच्या वाटेवर साहेबांना तसं म्हटलं. ते म्हणाले, “मान परत देताच येत नाही. दुप्पट करून देता येतो. पण दुप्पट केला की तो मान राहत नाही, भाव होतो.” गाडी पुलावर आल्यावर ते पुन्हा म्हणाले, “बाई, मला मिस्त्रींची काळजी नाही. मला सदाची आहे. आता तो पुढं येणार.”

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सदा धाकट्या मालकांच्या केबिनमध्ये उभा होता. “मी काढतो लोखंडाचा रस. फकस्त मिस्त्रींचा एप्रन घालून हुबारतो. म्हंजी पोरं माझं ऐकतील.”

हे ऐकलं आणि साहेब पांढरे पडले. त्यांच्या पुस्तकात नेमकं हेच होतं. रुसलेल्याचा मित्र त्याचं चिलखत मागून घेतो, ते घालून लढायला जातो, आणि मरतो. पाच मिनिटांत साहेब भट्टीपाशी गेले, खुंटीवरचा मिस्त्रींचा चामड्याचा एप्रन काढला, आपल्या लोखंडी कपाटात कोंबला आणि किल्ली डब्यात भाकरीखाली ठेवली.

“साहेब, कपाट उघडा,” धाकटे मालक म्हणाले.

“नाही.”

“अहो, चामडं हाय ते. देवाचा मुखवटा न्हवं!”

“सदाला नवा द्या. स्टोअरमध्ये आहेत.”

“नव्यात आणि जुन्यात काय फरक?”

“नव्यातला सदा घाबरेल. जुन्यातला घाबरणार नाही. दुसऱ्याचं चिलखत घातलं की माणूस आपल्या मापानं वागत नाही. त्या मित्राला बजावलं होतं, एवढं करून मागं फीर. पण चिलखत घातल्यावर त्याला वाटलं आपण तोच आहोत. तो फिरला नाही.”

“तुम्ही पुस्तकावरनं फाउंड्री चालवणार असाल तर मी भट्टीत काय लाकडी घोडा घालू?”

“घोडा त्याच युद्धातला, पण ह्या पुस्तकात नाही,” साहेब म्हणाले. त्या परिस्थितीतही त्यांना ती चूक सहन झाली नाही.

शेवटी मार्ग मी काढला. सदाला स्टोअरमधून नवा एप्रन, पहिल्या वेळी भट्टी निम्मीच भरायची, आजूबाजूला कामाची माणसं सोडून कुणी नको. सदा नव्या पिवळ्या एप्रनमध्ये उभा राहिला, कंपनीची चिठ्ठी अजून गळ्यापाशी लोंबत होती. तो घाबरला होता हे लांबूनही दिसत होतं. प्रत्येक गोष्ट दोनदा विचारत होता. पोरं हसली, पण ऐकलं. साहेब त्याच्या मागं वाळूची बादली धरून उभे होते, स्वेटर घालून, त्या उष्णतेत. रस निघाला, साच्यांत उतरला. कुणालाही काही झालं नाही.

साहेबांनी बादली खाली ठेवली आणि तिथंच बसले. मी त्यांना इतकं आनंदात कधी पाहिलं नव्हतं. “फिरला बघा, बाई. मागं फिरला.”

तो आनंद संध्याकाळपर्यंत टिकला. पोरांनी सदाचा फोटो ग्रुपवर टाकला, खाली अंगठे आणि हार. मिस्त्री ग्रुपवर होते. संध्याकाळी सदा पेढे घेऊन उचगावला गेला तर मिस्त्री त्याला दारातून बघून आत वळले आणि त्याला ऐकू जाईल अशा आवाजात काकूंना म्हणाले, “घरात न्हाय म्हनून सांग.” दुसऱ्या दिवशी सदा डबा न उघडता बसून राहिला. मग माझ्याकडं आला आणि राजीनामा कसा लिहायचा ते विचारू लागला. “त्येंच्याबिगर मला भट्टी नको, मॅडम. त्येंना वाटलं मी त्येंची जागा घेतली.”

मी साहेबांना शोधत गेले तर ते पुस्तक उघडून नुसती पानं उलटत होते. पुढं, मागं, पुन्हा पुढं.

“ह्यात पुढं नाहीच, बाई.”

“म्हणजे?”

“ह्यात मित्र मेला म्हणून तो बाहेर आला. सगळा रुसवा दुःखात बुडाला. इथं मित्र वाचला. काम त्याच्याशिवाय झालं. आता हा बाहेर कशाला येईल? मी सदाला वाचवला आणि ह्याची परत यायची वाटच काढून घेतली.”

“मग काय, मरू द्यायचा होता?”

“नाही हो! नाही.” त्यांचे डोळे भरून आले. “मला आपलं वाटत होतं, पुढं काय होतं ते माहीत असलं की झालं.”

ज्या माणसाला प्रत्येक भांडणाचं पुढचं पान माहीत असायचं, तो माझ्याकडं बघत होता, मी काहीतरी सांगेन म्हणून. मला एवढंच सुचलं की राजीनामा ऑफिसात लिहिण्याऐवजी उचगावला जाऊन तोंडानं बोलावं. सदा नको म्हणत होता. त्याला गाडीत मागं बसवला आणि निघालो.

वाटेत साहेबांनी मला शेवटचा भाग सांगितला, जो ते कॅन्टीनमध्ये कधी सांगत नसत. मित्राच्या मरणाचा सूड म्हणून रुसलेला शत्रूच्या राजपुत्राला मारतो आणि प्रेतसुद्धा परत देत नाही. तेव्हा म्हातारा राजा, त्या पोराचा बाप, एकटा त्याच्या तंबूत जातो आणि ज्या हातांनी पोरगा मारला त्या हातांचं चुंबन घेतो. मग दोघंही रडतात. एक पोरासाठी, दुसरा मित्रासाठी आणि लांब असलेल्या आपल्या बापासाठी. आणि रडून झाल्यावर जेवतात.

“जेवतात?”

“भूक लागते ना. दुःखातही लागते. ते लिहायला धाडस लागतं, बाई.”

“मग आज म्हातारा राजा कोण?”

“तेच कळेना. बहुतेक मी.”

मिस्त्री अंगणात पोत्यावर बसून शेंगा फोडत होते. साहेब सरळ त्यांच्यापुढं गेले, खाली बसले आणि त्यांचे दोन्ही हात धरले. मिस्त्री दचकून मागं सरकले. शेंगा सांडल्या.

“साहेब, काय चाललंय काय? उटा बगू. मानसं बघत्यात.”

साहेब उठले. पुढं काय करायचं त्यांना सुचेना. गुडघ्याला लागलेली टरफलं झाडत ते तसेच उभे राहिले. फाटकापाशी सदा मान खाली घालून उभा होता. मिस्त्रींनी त्याच्याकडं न बघता विचारलं, “रस काढताना अंगात काय घातलंतास?”

“फुल बाह्याचा शर्ट. वर एप्रन. नवा.”

“माझा का न्हाय घातलास?”

“साहेबांनी कपाटात घालून ठेवला.”

“का?”

ते साहेबांना होतं. साहेब म्हणाले, “भीती वाटली. तुमचा घालून तो तुमच्यासारखा पुढं गेला असता. तुमच्याएवढं त्याला येत नाही.”

मिस्त्री उठले. फाटकापाशी गेले. सदाचा डावा हात धरला, बाही वर सारली, हात उलटासुलटा करून पाहिला. मग उजवा. मग मान, कानाच्या मागं, हनुवटीखाली.

“कुठं रस उडाला का?”

“न्हाय.”

“खरं सांग.”

“आईशप्पत न्हाय.”

“भट्टीचं तोंड उघडताना कुठल्या अंगाला हुबारलातास?”

“डाव्या.”

“कुनी सांगितलं डाव्या?”

“तुम्हीच की.”

मिस्त्रींनी पुन्हा डावा हात घेतला आणि पहिल्यापासून बघायला सुरुवात केली. तिथं काही नव्हतं, ते त्यांनाही दिसत होतं. दारातून काकू म्हणाल्या, “अवो, धडधाकट हाय त्ये. सोडा त्येला, दोन घास खाऊ द्या.” त्यांनी सोडला नाही.

बऱ्याच वेळानं ते आमच्याकडं वळले. “मी कामावर येत न्हाय. त्ये येगळं. उद्या ह्यो कसा काढतोय त्येवढं बघाय येनार. कारखान्याच्या फाटकाभायरनं.”

“फाटकाभायरनं भट्टी दिसत न्हाय, मिस्त्री,” सदा म्हणाला.

“मग आत यीन. बघायपुरतं.”

सदा तिथंच जेवायला थांबला. आम्ही दोघं निघालो. साहेब पुस्तकाची पिशवी मांडीवर घेऊन बसले होते, पण तिला हात लावला नाही.

“बाई, मिस्त्री आले असं धरायचं, की आले नाहीत असं?”

“मला विचारताय?”

“मग कुणाला विचारू? ह्यात तर नाही.”

उद्या हजेरीत त्यांचं काय करायचं, हे मला ठरेना, आणि मी तशी ठरवून मोकळी होणारी बाई. गाडी पंचगंगेच्या पुलावर आली. साहेब नदीकडं बघत होते. थोड्या वेळानं त्यांनी विचारलं,

“डावा हात आधी धरला ना?”

“हो. डावा.”

“आणि मग पुन्हा डावाच?”

“हो.”

“काही लागलेलं नसताना? का बरं?” साहेब म्हणाले.